निव्वळ वजन

रोलाच्या मागच्या गल्लीत कार्गोचं दुकान.
तिथल्या लोखंडी काट्यावर
चौदा वर्षं मी लोकांची खोकी तोलतोय.
एकतीस सातशे? खाला, टँगचा डबा काढा.
चौतीस? ब्लँकेट पुढच्या महिन्यात पाठवू.
खोकं उघडायचं, काहीतरी काढायचं,
पुन्हा टेप फिरवायची,
की आकडा मुकाट खाली येतो.
माझ्या हातून आजवर
कुणाचंच वजन अडलेलं नाही.

रात्री शटर अर्धं ओढून
मी स्वतः चढलो.
अठ्ठ्याऐंशी चारशे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा तरी उतरवा,
साखर उंबऱ्यावर उभी आहे.
तेव्हा ईद झाल्यापासून
पहाटे चारला खालिद लगूनवर.
त्या वेळीही हवा अशी
की कुणी ओला टॉवेल तोंडावर धरलाय.
चष्मा वाफेने भरतो,
पलीकडचे दिवे
विरघळलेल्या बत्ताशांसारखे.
गळ टाकून बसलेले दोघे बंगाली,
बाकाखालची मांजरं,
आणि काळ्या अबायातली एक मिसरी म्हातारी
जी रोज मला मागे टाकून जाते
आणि वळणावर हात उंचावते. दया म्हणून असेल.
बुटांत घाम पचपच वाजतो.

भात सोडला.
दुपारचा करक सोडला.
परकारच्या घरून आलेली सांदणं
तशीच परत पाठवली,
त्याच्या बायकोने आठवडाभर अबोला धरला.

सहावा आठवडा.
अठ्ठ्याऐंशी नऊशे.

उतरलो. बूट काढले. चढलो.
खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, पट्टा.
नंतर कपाटातलं वीस किलोचं माप काढून
काट्यावर ठेवलं.
वीस. काडीइतकाही फरक नाही.
खोटं बोलणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

परकार म्हणाला, स्नायू असतील रे,
स्नायू चरबीपेक्षा जड.
मी दंड दाबून पाहिला.
असलाच तर फार लाजाळू स्नायू आहे.

आणि मग परवा, हात धुताना
अंगठी गेली.
सासऱ्यांनी घातलेली,
सतरा वर्षं साबणाला, तेलाला, दोऱ्याला
दाद न दिलेली अंगठी
आपणहून सुटली आणि बेसिनच्या भोकात.
खाली बसून पाइप उघडला,
काळ्या राडीत बोटं घातली, सापडली.
तेव्हा बोटाकडे नीट पाहिलं.
बोट बारीक झालंय.
घड्याळ मनगटावर गोल फिरतंय.
फोन माझा चेहरा बघतो
आणि आकडे मागतो.
म्हणजे उतरतंय. नक्की उतरतंय.
फक्त मी सांगितलं होतं तिथून नाही.

रविवारी व्हिडिओवर आई.
गाल कुठे गेले तुझे?
तिकडे जेवतोस ना नीट?
पैसे कमी पाठव हवं तर, पण खा.
तिच्यामागे सुनेत्रा उभी, काही न बोलता
पडद्यावर माझं तोंड न्याहाळत.
मी कॅमेरा गळ्याच्या खाली
येऊ दिला नाही.

आज खेडचा एक मुलगा दुकानात आला,
हातात पिशवी: वहिनींनी दिलंय.
डिंकाचे लाडू. वर्तमानपत्रात,
मग प्लॅस्टिकमध्ये, मग जुन्या ओढणीत.
मी पिशवी आधी काट्यावर ठेवली. सवय.
दोन सहाशे.
ओढणी सोडून ठेवली,
दोन चारशे पन्नास.

एवढं तूप, एवढा डिंक
तिने कुठल्या दुपारी बसून वळलं असेल,
माझ्या गालांचा हिशोब मांडत.

अर्धा लाडू खाल्ला.
उरलेला अर्धा हातात धरून
बराच वेळ काट्याकडे पाहत राहिलो,
चढलो नाही.

अंगठीला आता आतून दोरा गुंडाळलाय.
गजर चारचाच आहे.
मिसरी म्हातारीला विचारायचंय एकदा,
तुम्ही काय खाता?
पण मला अरबी येतं ते फक्त
किलो, दिरहम, उद्या
आणि माल पोचला.